फटफटीचा खांदा

यंदा चैत्र पुरता सरला नाही तोच आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर यायला लागला. भोंगा वाजला की बायाबापड्या बादल्या, घागरी, रंगाचे रिकामे डबे घेऊन पळतात आणि मी खिडकीत बसून बघते. माझा उजवा खांदा आखडलाय, बादली उचलत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगितला. आमच्या ह्यांनी त्यात आपलं एक औषध घातलं. रोज संध्याकाळी वाटीत करडईचं तेल कोमट करायचं आणि माझा खांदा चोळायचा. माणूस ऐंशीला टेकलाय, स्वतःचे हात थरथरतात, पण चोळताना तोंड काही थांबत नाही. "हात वर घे. आनिक घे. अडकला का? क्लच पूर्ण दाब की!"

समोरच्या प्राध्यापकांनी हौसेनं एक जुनी मोटरसायकल घेतली आहे. रोज सकाळी ते ती चालू करतात, पहिला गिअर टाकतात आणि गाडी 'खट्' करून एक उडी मारते. परवा ती उडी ऐकून आम्ही दोघं चहाच्या कपावरून एकदमच म्हणालो, "चिकटतोय." बाकीच्या घरांत म्हातारी माणसं आभाळाकडं बघून बोलतात, आमच्या घरात क्लचवर बोलतात. ही खोड आम्हाला बहात्तरच्या दुष्काळानं लावली.

करडईच्या कोमट तेलाचा वास आला की कुणाला भाजी आठवत असेल, कुणाला आजोळ. मला एक रिकामा गोठा आठवतो आणि त्यात उभी असलेली काळी फटफटी. मग लाज वाटते. त्या दुष्काळाचा विषय निघाला की माझ्या वयाची माणसं हळहळतात, कुणी डोळे पुसतं. मीही मान हलवते आणि खाली बघते. कारण तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला फार सुखाचा उन्हाळा होता. असं कुणी चारचौघांत बोलतं का? मी तर ह्यांच्याजवळसुद्धा बोलले नव्हते.

आमचं गाव तेरच्या पलीकडं, तेरणेच्या काठाला. काठाला म्हणायचं एवढंच. त्या वर्षी नदीत पाण्याऐवजी वाळू होती आणि वाळूत माणसांनी खणलेले झरे होते. झऱ्यात वाटी बुडवायची, घागर भरेपर्यंत बसायचं, तोवर ऊन डोक्यावर यायचं. गावातले निम्मे लोक खडी फोडायला जात. भाकरी रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल मिलो ज्वारीची, थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. झाडांना पानं नव्हती, कारण ती आधीच जनावरांच्या पोटात गेली होती. आमच्या गोठ्याचं छप्परसुद्धा हौश्या आणि पाखऱ्या या आमच्या बैलांनी खाल्लं. म्हणजे मामांनी ते उपसून त्यांच्या पुढ्यात टाकलं. मामा म्हणजे माझे सासरे. कमी बोलणारा माणूस. बैलांशी मात्र ते बोलत, आणि मला कधी काही सांगायचं असलं तर बैलांना ऐकवत. "हौश्या, आज भाकर करपली बरं का," असं.

माझं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. तालुक्याच्या सहकारी संघाला तेव्हा गावोगाव फिरणारा एक माणूस हवा होता. अट एकच होती, गाडी स्वतःची पाहिजे. आमचे हे मॅट्रिक झालेले, घरात रिकामे बसून आढ्याकडं बघणारे. त्यांनी हिशोब मांडला. बैल असेही उन्हाळा काढणार नाहीत. अंगात मांस आहे तोवर विकले तर फटफटी येईल, फटफटी आली तर नोकरी येईल, नोकरी आली तर माणसं जगतील. बोलणं चुकीचं नव्हतं. मामा ऐकत होते, दोरीला पीळ देत होते. शेवटी म्हणाले, "तुमाला पटतंय तसं करा. पन बाजाराला म्याच घिऊन जानार."

ते दोघांना घेऊन पहाटे चालत गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले. खांद्यावर दोन दावी होती. आमच्याकडं बैल विकला तरी दावं विकत नाहीत, ते परत आणायचं. दावं दिलं की गोठ्याचं दैव जातं म्हणतात. मामांनी दावी खुंटीला अडकवली, पाणी मागितलं, प्यायले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. कुणाला विकले, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात बैल कोण विकत घेत होतं आणि कशासाठी, ते सगळ्यांनाच माहीत होतं.

आठवड्याभरानं हे फटफटी घेऊन आले. काळी, टाकीला पिवळा पट्टा, दोन मालक आधीच बघून झालेली. ठेवायची कुठं? गोठा रिकामाच होता. दुसऱ्या दिवशी झाडायला गेले तर बघते, फटफटीच्या हँडलला हौश्याचं दावं आणि दाव्याचं दुसरं टोक खुंटीला. मला हसू फुटलं. वाटलं, मामा लेकाची थट्टा करतायत. मागं बघितलं तर मामा उभे. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मोकळ्या गोठ्याला बरं न्हाय." माझं हसू तिथंच जिरलं.

आणि मग जे झालं ते देवानंसुद्धा करायला नको होतं. बैल जाऊन महिना उलटला नसेल, तेरच्या रस्त्याला संघानं गुरांची छावणी उघडली. लांबच लांब मांडव, टँकरचं पाणी, बाहेरून आलेला कडबा. अख्ख्या शिवारातली उरलीसुरली जनावरं तिथं जाऊन उभी राहिली. मांडवाची देखरेख करायला, कुठल्या जनावराला काय मिळालं ते बघायला संघानं माणूस नेमला. तो माणूस आमचे हे. आपले बैल विकून घेतलेल्या गाडीवर बसून हे रोज दुसऱ्यांच्या बैलांना कडबा पोचला का, ते बघायला जात. संध्याकाळी घरी आले की अंगाला कडब्याचा आणि शेणाचा वास यायचा. मामा ताटावर बसलेले असले तर उठून जायचे. हेही मग उपाशीच उठायचे. मी दोन्ही ताटं झाकून ठेवायची.

घरात असं सुतक चाललेलं, आणि माझं काय चाललं होतं?

छावणीवरच्या नोकरांना टँकरचं एक डबा पाणी घरी न्यायची मुभा होती. फटफटीवर डबा धरायला मागं माणूस पाहिजे. तो माणूस मी. सकाळी रिकामा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन मी ह्यांच्या मागं बसायची, छावणीत तो भरायचा, आणि हे मला घरी सोडून परत जायचे. लग्नाच्या दोन वर्षांत आम्ही दोघं एकत्र कुठं गेलो नव्हतो. तुळजापूरला गेलो तेव्हा बैलगाडीत तेव्हा हयात असलेली सासू, माहेरपणाला आलेली नणंद आणि शेजारची चार पोरं होती. आता रोज सकाळी मी, हे आणि वारा. पदर तोंडावर घट्ट धरला तरी वारा आत यायचा. ह्यांच्या सदऱ्याला घाम आणि पेट्रोल यांचा मिळून एक वास होता. त्या वासाला मी नाव ठेवलं नाही, पण तो अजून मला ओळखू येईल.

छावणीला दोन वाटा होत्या. एक सरळ माळावरून, दुसरी नदीत उतरून, वाळू तुडवून, पलीकडच्या, काट्यांमुळं पाला वाचलेल्या बाभळींच्या सावलीतून वळसा घालून जाणारी. हे नेहमी नदीनंच न्यायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माळाला दगडं लई. गिअरबॉक्स खिळखिळा व्हतो." मला काय कळतंय, मी मान डोलावली. वाळूत गाडी पहिल्या गिअरवर घुरघुरायची, मागचं चाक रुतायचं, क्लच अर्धा दाबलेला असायचा. बाभळीखाली आलं की सावली, आणि सावलीत दोन-चार पाखरं. तेवढ्या वाटेपुरता दुष्काळ नसायचा.

झऱ्यावरून परतणाऱ्या बायका त्याच वाळूतून डोक्यावर हंडे घेऊन चढ चढत असायच्या. माझ्या बरोबरीच्या, माझ्याच गल्लीतल्या. "आली गं बाई फटफटीवाली!" कुणीतरी म्हणायची आणि बाकीच्या हसायच्या. हसण्यात खोडी नव्हती. मी पदर आणखी ओढायची. त्या दिसेनाशा झाल्या की पुन्हा वाऱ्याला तोंड द्यायची. हे सुख हौश्या आणि पाखऱ्याच्या बदल्यात आलंय, हे मला प्रत्येक खड्ड्याला आठवायचं. पण तरी दुसऱ्या दिवशी मी डबा घासून सगळ्यांच्या आधी तयार.

उन्हं आणखी तापली आणि फटफटीला काहीतरी झालं. सकाळी चालू केली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला की 'खट्' आवाज आणि दचकून एक उडी. मी एकदा मागं पडता पडता वाचले. एकदा भरल्या डब्यातलं पाणी माझ्या मांडीवर सांडलं. त्या दिवसांत पाणी सांडणं म्हणजे पाप. क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गाडी पुढं रेटायची. उभ्या गाडीचा न्यूट्रल सापडायचा नाही, गिअर बदलताना दातावर दात घासावेत तसा आवाज यायचा. तापली की जरा सुधारायची, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, वर थोडं जास्त.

तेरमध्ये रशीदभाई म्हणून मिस्त्री होते. खरे ते विहिरीवरच्या पाण्याच्या इंजिनांचे मिस्त्री. पण विहिरीच कोरड्या, इंजिनं गप्प, म्हणून ते फटफटीवर हात चालवत. बोलणं मोठं. कुठल्याही गोष्टीची शंभर टक्के खात्री. गाडीला कान लावला आणि म्हणाले, "शंभर टक्के केबल." केबल ताणली, दांडीला किती ढील पाहिजे ते बोटानं दाखवलं, चहा प्यायले. दुसऱ्या सकाळी 'खट्'. पुन्हा गेलो. रशीदभाईंनी चाकातली वाळू चिमटीत धरून बघितली. "नदीतून आणता व्हय? वाळूत अर्धा क्लच दाबून चालवता? मग प्लेटा खाल्ल्या वाळूनं. शंभर टक्के. माळाचा रस्ता सोन्यासारखा असताना वाळूत कशापायी घालता?" हे उगाच खाली वाकून साखळी बघत बसले. ते माझ्या लक्षात राहिलं, अर्थ मात्र लागला नाही.

मग स्वतःच्याच निदानावर रशीदभाईंचं मन बसेना. प्लेटा झिजल्या असत्या तर गाडी नुसती ओरडली असती, चढावर ओढली नसती. इथं ओढायला तर जोर होता. त्यांनी गिअर खालीवर केला, घासण्याचा आवाज ऐकला आणि निकाल दिला. "गिअरबॉक्स गया. सोलापूरला न्यावा लागंल. सामान मिळालं तर ठीक, न्हायतर बघू."

ह्यांचा चेहरा उतरला. संघाच्या साहेबांनी आदल्याच दिवशी सुनावलं होतं की गाडी नसेल तर सोमवारपासून येऊ नका, परंड्याकडचा एक जण स्वतःच्या गाडीसह तयार आहे. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण खरी भीती ती नव्हती. हे दगडावर बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ही बंद पडली तर बैलं फुकट गेली गं." घरात आम्ही तिघंही त्या एका गोष्टीवर तग धरून होतो. निदान बैल कामी आले, एवढीच.

मला एक गोष्ट मात्र माहीत होती. गाडी ढकलत आणताना, इंजिन बंद असताना, ह्यांनी गिअर टाकून बघितला तेव्हा तो अलगद पडला होता. लोण्यात बोट जावं तसा. घासणं नाही, खट् नाही. मी म्हटलं, "भाई, बंद गाडीला गिअर नीट पडतोय. मग दात कसे मोडले असतील? चालू असतानाच भांडतोय, म्हणजे इंजिन आणि गिअर, दोघांच्या मधला सोडवणारा हात सोडवत नाही."

"भाभी मिस्त्री झाल्या," म्हणून रशीदभाई हसले. पण त्यांनी इंजिन बंद करून गिअर टाकला. पुन्हा टाकला. हसणं कमी झालं. "शंभर टक्के क्लचच हाय, म्या पैल्यांदा म्हनलोच हुतो," असं म्हणत त्यांनी पाना उचलला.

त्या गाडीत गिअर आणि क्लचच्या प्लेटा एकाच तेलात बुडालेल्या असायच्या. खालचा स्क्रू काढला. काळं पातळ तेल यायला हवं होतं. आलं ते पिवळट, जाड, मधासारखी तार धरणारं. झाकण उघडलं तर प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या, थंड झालेल्या धपाट्यांची चवड असते तशा. रशीदभाईंनी बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि त्यांचा आ वासला. "या अल्ला! ह्ये तर खायाचं तेल! तापून तापून खळ झाली. कुनी वतलं?"

तोवर वास माझ्यापर्यंत आला होता. करडईचं तेल. आमच्या डब्यातलं. डबा दिवसागणिक हलका होतोय हे मला दिसत होतं आणि मी मांजराला शिव्या घालत होते. त्याबरोबर गोठ्यातल्या कोनाड्यातली वेळूची नळी डोळ्यापुढं आली. बैल कामानं खंगला की मामा त्याचं तोंड वर धरून त्या नळीनं तेल पाजायचे. बैल जाऊन इतके दिवस झालेले, आणि परवा ती नळी ओली चकचकीत दिसली होती. कोरड्या गोठ्यात ओली नळी. मी बघितली होती आणि विसरले होते.

मामांना गिअर माहीत नव्हता, प्लेटा माहीत नव्हत्या. त्यांना एवढंच कळलं होतं, की दावणीचं जनावर वाळूत ओढून ओढून कण्हतंय. वरचं झाकण फिरवलं की आत तेल दिसतं, हे त्यांनी लेकाला करताना बघितलं असणार. मग त्यांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. आम्ही कोरडी भाकर खात होतो आणि मामा आपल्या वाटणीचं तेल तिला पाजत होते.

"कुनी वतलं?" आता ह्यांनी विचारलं. आवाजात राग होता. बापलेकांमध्ये आधीच बोलणं उरलं नव्हतं. त्यात मामांचं नाव कळलं असतं तर हे काहीतरी बोलले असते, आणि ते मामांना सोसलं नसतं.

"मीच," मी म्हटलं. "डबा चुकला. वाटलं, तेल ते तेलच."

रशीदभाई असे हसले की समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. प्लेटा रॉकेलनं धुतल्या, घासल्या, पेटी पुसून काढली, खरं तेल भरलं. संध्याकाळी गाडी चालू झाली. क्लच दाबला, गिअर टाकला, उडी नाही. हे सोमवारी कामावर गेले. आणि मी साऱ्या पंचक्रोशीत 'फोडणीवाली' झाले. झऱ्यावर बायका विचारायच्या, "आज मोहरी टाकली का गं गाडीत?" मी हसायची. खरं सांगते, त्या थट्टेनं मला बरंच वाटायचं. फटफटीवर मिरवल्याची काहीतरी शिक्षा झाली असं वाटायचं.

मामांच्या कानावर ते गेलंच. त्यांनी मला काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी फटफटीचं दावं सुटलेलं होतं आणि मामा जेवताना तेलाची वाटी आली की हात आडवा धरू लागले. मी वाढायला वाकले की नजर चुकवायचे. पूर्वी मला ऐकवायला बैल होते, आता तेही नव्हते. भिंतीकडं तोंड करून झोपायचे ते आता दिवसासुद्धा झोपायला लागले. मला वाटलं होतं, मी त्यांना वाचवलं. बघते तर त्यांच्या ओझ्यावर मी आणखी एक ओझं ठेवलं होतं.

पुढं पावसाळा बरा झाला. छावणी मोडली, गुरं घरोघर परतली. आमचं रान लोकांच्या बैलांनी सावडीत नांगरून दिलं आणि त्याबदल्यात हे फटफटीवरून साऱ्या गावाचं खतबियाणं वाहून आणत. पोळा आला. आदल्या दिवशीच्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. गावातून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. सूर्य मावळायला टेकला होता. मामांनी माझ्याकडं तूप मागितलं. शेजारणीकडून आणलेलं थोडं होतं, ते मी वाटीत काढून दिलं. त्यांनी हळद कालवली आणि गोठ्यात गेले. मी दारात थांबले.

ते फटफटीपुढं उभे राहिले. वाटी हातात, काय करावं ते कळेना. हँडल बघितलं, टाकी बघितली, वाकून चाक बघितलं. मग माझ्याकडं वळून, लहान पोरासारख्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, हिचा खांदा कंचा गं?"

मी हसले नाही. पुढं गेले आणि इंजिनाच्या बाजूचं ते गोल झाकण दाखवलं, ज्याच्या आत प्लेटा होत्या. म्हटलं, "मामा, इंजनाचं समदं वझं हितनं चाकाला जातं. हिचं जू हितंच."

मामांनी त्या झाकणाला तूप चोळलं. दोन्ही तळव्यांनी, गोल गोल, खालून वर, बैलाला चोळतात तसं. "आज आवतन घ्या," म्हणाले, आणि पुढचं बोलवेना. हे तोवर माझ्यामागं येऊन उभे राहिले होते. मामांनी त्यांना बघितलं. "त्याल म्याच पाजलं हुतं हिला," ते म्हणाले. "तुज्या बायकूनं अंगावर घेतलं. मला वाटलं, ही बी मेली तर त्येंचं जानं वाया जाईल."

हे पुढं आले. मग बापाला जे म्हणाले ते मलाही नवीन होतं. "दादा, छावनी उघडनार हाय, ही कुनकुन मला बैलं विकायच्या आधीच लागली हुती. संघात बोलनं चाललं हुतं. खरं-खोटं ठावं नव्हतं, पन कानावर आलं हुतं. मला फटफटी पायजे हुती. म्या सांगितलं न्हाय."

बाहेर कुठंतरी बैल डिरकला. मला वाटलं, आता मामा वाटी फेकतील. वाटीत निम्मं तूप उरलं होतं, दुसऱ्या बैलाच्या वाटणीचं. मामांच्या हाताला जोडीचीच सवय. त्यांनी ह्यांना जवळ ओढलं, सदरा खांद्यावरून खाली केला आणि ते उरलेलं तूप लेकाच्या खांद्याला चोळायला लागले. चोळता चोळता म्हणाले, "तू बी वढलास की रं उन्हाळाभर." त्यावर आमचे हे जे रडले, ते मी आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मी रिकामी वाटी घेऊन आत आले. त्या दोघांचं झालं, माझं राहिलं. माझं कुणाला माहीतच नव्हतं, तर चोळणार कोण? हौश्या-पाखऱ्या बाजाराला गेले तेव्हा मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मनात म्हटलं होतं, आता मागं बसायला मिळेल. त्यानंतर घरात दोन वेळा नवे बैल आले, ती फटफटी भंगारात गेली, मामा गेले, आम्ही गाव सोडून इथं धाराशिवला लेकाकडं आलो. दर पोळ्याला ती वाटी डोळ्यापुढं यायची आणि मी दुसऱ्या कामाला लागायची.

काल संध्याकाळी तेल चोळताना टँकर आला. बायांचा गलका उठला. हातात घागर घेतलेली एक पोरसवदा बाई मागं राहिली आणि तिचा नवरा स्कूटरवरून मागून आला, तिला बसवून घेऊन गेला. दोघं हसत होते. बाकीच्या बघत राहिल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "एक सांगू का? त्या दुष्काळात, तुमच्या मागं बसून जाताना, मला लई सुख वाटायचं. बैल गेले, मामा झिजले, बाया हंडे घेऊन चढ चढायच्या, आन मला सुख वाटायचं."

खांद्यावरचा हात थांबला. मला वाटलं, आता काहीतरी चेष्टा येणार.

"ठावं हाय मला," हे म्हणाले. "बाभळीखाली आलं की गुनगुनायचीस तू. तुला वाटायचं इंजनाच्या आवाजात ऐकू येत न्हाय."

मी मागं वळून बघितलं.

"माळाला दगडं नव्हती गं," ते म्हणाले. "चांगला रस्ता हुता, सोन्यासारखा. म्या मुद्दाम नदीनं न्यायचो."

मला रशीदभाईंच्या चिमटीतली वाळू आठवली, आणि खाली वाकून साखळी बघणारे हे. घरात कोरडी भाकरी होती, बाप भिंतीकडं तोंड करून झोपला होता, आणि आम्ही दोघं रोज वळसा घालून जात होतो. एकमेकांना न सांगता. आमच्या त्या सुखापायीच फटफटी वाळूत कण्हली, आणि तिचं कण्हणं ऐकून मामांनी आपल्या तोंडचं तेल तिला पाजलं.

खाली टँकरची नळी घागरीत पडल्याचा आवाज येत होता. ह्यांनी वाटीतलं राहिलेलं तेल माझ्या खांद्यावर ओतलं, हळूहळू चोळलं, आणि बोटांना उरलेलं थोडं आपल्या खांद्याला पुसलं.